उकरलेली जागा

लोखंडी चौकट, मीटरभर लांब, मीटरभर रुंद.
खांद्यात अडकवून मी उखर्डूभाऊंच्या मागे
चिमठाण्याच्या पुढचं कुरण चालते.
दिवसाचे चारशे रुपये, पेट्रोल वेगळं.
काम सोपं: रात्री डुकरांनी जिथे उकरलं
तिथे चौकट टाकायची, खोली मोजायची,
ताजी की जुनी लिहायचं,
आणि कारणाच्या रकान्यात एक खूण:
कंद, अळी, ओल, इतर.

मार्गशीर्ष. पवन्या वाळून तांबूस झालाय,
कुसळं सलवारीला शिवण घालत वर चढतात.

सगळा माळ उकरलेला नाही.
मुरमाड उतार त्यांनी तसाच सोडलाय.
नाल्याच्या अंगाला मात्र, जिथे ओल टिकते,
औत धरलेला माणूस तास विसरून
रात्रभर गरगर फिरला असावा, अशी माती.

"लव्हायानी गाठ," भाऊ बोटाने खणून दाखवतात.
काळी, हरभऱ्याएवढी. फोडली की आत पांढरी,
वास कापूर आणि चिखल यांच्या मधला.
"डुक्करले हाऊ वास हातभर खालतून येस."

शेजारी चघळून टाकलेल्या मुळांचा चोथा.
उलथलेली गोवरी; तिच्याखाली
भुंगेऱ्याची अळी होती.
होती.
पुढे लावरीचं घरटं,
टरफल म्हणावं एवढंही टरफल उरलेलं नाही.
घरट्यासाठी कागदावर रकाना नाही.
मी समासात लिहिते, बारीक अक्षरात.

विष्ठेत बोरांच्या आठळ्या.
भाऊ त्या काठीने मोकळ्या करून पसरतात,
पेरणी उरकल्यासारखे हात झटकतात.

डुकरं मला एकदाच दिसली, पहाटे,
धुकं अजून बुराईच्या पात्रातच होतं तेव्हा.
मादी पुढे. मागे सहा पिल्लं,
अंगावर टरबुजाच्या सालीचे पट्टे.
लाइट गेल्यावर फळीवर काडेपेटी शोधावी
तशी ती नाकाने जमीन चाचपत होती.
सापडलं की शेपूट थांबायचं.
नर एकटाच, लांब दादरच्या बांधावर,
कुणाचं तरी कणीस आडवं करत.
मी मोजायचं विसरले.

दुपारी कळण्याची भाकर, कांदा.
नाव असं का, विचारलं.
म्हणाले, आधीची दोन राहिली नाहीत,
म्हणून मायने जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं,
पसाभर कोंड्याला शेजारणीला विकलं,
आणि संध्याकाळी त्याच पसाभर कोंड्याला परत घेतलं.
"भाव वाढना नही," म्हणाले, आणि हसले.

शेवटची जागा कुरणाच्या टोकाला,
एकट्या हिवराखाली.
आज सगळ्यात खोल इथेच उकरलं होतं.
मी चौकट टाकली. पट्टी काढली.
भाऊ अलीकडेच थांबले, चपला काढून.

"आठे मन्हा दोन्ही भाऊ शेतस. बहात्तरना."

मी चौकट उचलायला वाकले.
"ऱ्हाऊ दे. मोज."

बावीस सेंटिमीटर.
"काय निंघनं?"
"मुळं. लव्हाळा. हुमणी, चार."
"आनि?"
"बाकी काही नाही, भाऊ."

ते आले, उकिडवे बसले.
ढेकळातून एक गाठ निवडली,
नखाने सोलली, धोतराला पुसली,
तोंडात टाकून बराच वेळ चघळत राहिले.
"त्या साली मायनी बी हाईच उकरेल व्हतं.
आठेच. लाकडाना खुट्यावरी."
मग चोथा बाजूला थुंकले.
"कडू शे."

हिवरावरून एक कोतवाल उतरला,
उघड्या मातीत काहीतरी टिपून गेला.

कंदावर खूण केली. अळीवर केली.
'इतर'पुढे पेन टेकवलं, तिथे निळा ठिपका पडला,
तो तसाच ठेवला.
भाऊ चपला घालून पुढे निघाले होते.
"चाल पोरी, बस चुकी जाई."
चौकटीला चिकटलेली माती
मी वाटेने चालता चालता झटकत गेले.